भरून ठेवलेलं पाणी

सातविणीचा वास सुटला की लोकांना काय काय आठवतं. कुणाला कॉलेज, कुणाला जुनं प्रेम, आमच्या खालच्या मजल्यावरच्या शर्माजींना त्यांची ॲलर्जी. मला बादल्या आठवतात. दिल्लीत ऑक्टोबर असाच येतो. संध्याकाळी पंखा एकवर आणावासा वाटतो, रामलीलेच्या मांडवातून माइकवर रावण हसत असतो, सोसायटीच्या फाटकाशी उभ्या असलेल्या दोन्ही सातविणी पांढुरक्या फुलांनी गच्च होतात, आणि मग ग्रुपवर तो मेसेज पडतो: गंगनहर सालाना सफाई के लिए बंद रहेगी, कृपया पानी स्टोर कर लें. शेवटी जोडलेले दोन हात.

यंदा तो काल आला. मी ऑफिसात होते. आईला कळवावं म्हणून घरी फोन केला, तर ती म्हणाली, "मला काय सांगतेस? माझे दोन हंडे भरूनसुद्धा झाले." आई आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. गुडघे कुरकुरतात, कानाला यंत्र आहे, पण नहर बंद व्हायची वेळ तिला मेसेजच्या आधी कळते. माझी लेक ओवी इथेच जन्मली, इथेच वाढली. तिचं म्हणणं, "आजी, अब तो बोअरवेल है, टँकर है, सब कुछ है. ये सब क्यों भरती हो यार?" आजीला यार म्हणणारी ही पिढी! आजी शांतपणे म्हणाली, "ती कळशी घे आणि इकडे आण." ओवीला कळशी म्हणजे कुठलं भांडं ते माहीत नव्हतं. तिने बादली आणली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. यमुनेच्या या अंगाला, गाझियाबादच्या आमच्या सेक्टरांना जे पाणी येतं ते गंगेचं. हरिद्वारहून निघालेल्या मोठ्या कालव्यातून ते इथवर येतं. त्या कालव्याला इथे सगळे नहर म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. दर वर्षी दसऱ्याच्या रात्री वरची दारं पाडतात, नहर कोरडी करतात, गाळ उपसतात आणि दिवाळीच्या सुमाराला पाणी पुन्हा सोडतात. तेवढे दिवस आमचे नळ नुसते खाकरतात.

आणि नळ खाकरायला लागले की मला ॲमस्टरडॅम आठवतं. ऑफिसात हे बोलले तर सगळे हसतात. त्यांना ॲमस्टरडॅम म्हटलं की ट्यूलिप आठवतात, मला हंडे. पण खरं सांगते, त्या शहराचे उपकार माझ्यावर आहेत, आणि ते दर ऑक्टोबरला मला आठवतात. माझ्या ऑक्टोबराला दोन शहरं आहेत, एक धुळीचं आणि एक पाण्याचं.

बाबा नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. नवे आर्थिक वारे वाहू लागले, कंपनीने नाशिकचं काम आवरतं घेतलं आणि बाबांना साहिबाबादला धाडलं. तेव्हा दिल्लीच्या कडेकडेने शेतं उठत होती आणि सेक्टर बसत होते. बाबांनी इमारत उभी राहायच्या आधीच फ्लॅट घेतला. बिल्डरच्या माहितीपत्रकात कारंजं होतं, पोहायचा तलाव होता, पांढऱ्या कपड्यांतलं एक हसरं कुटुंब होतं. आम्ही राहायला आलो तेव्हा समोर मोहरीचं शेत, मागे विटांचे ढीग, आणि लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. सकाळी बाल्कनीत गेलं की खाली नीलगाय उभी. मला ते फार आवडायचं. आईला नाही.

"थोडी वर्षं थांब," बाबा बाल्कनीतून हात लांब करून दाखवत, "तिथून, त्या तिथून मेट्रो जाईल."

"मेट्रो यायची तेव्हा येईल," आई आतून म्हणे, "आधी नळाला पाणी येऊ दे."

नाशिकहून निघताना आईने आपली तांब्यापितळेची सगळी भांडी एका मोठ्या पत्र्याच्या पेटीत भरली होती. हंडे, कळशा, तपेलं, घंगाळ, चरवी, परात. ती पेटी इथे कधी उघडलीच नाही. बेडरूमच्या कोपऱ्यात पेटी, पेटीवर चादर, चादरीवर इस्त्रीचे कपडे. "ही भांडी आपल्या घरी गेल्यावर काढू," असं ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "अगं, हेच आपलं घर." त्यावर ती पेटीवरची चादर सारखी करायची. इथला संसार तिने स्टीलच्या भांड्यांवर आणि प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांवर चालवला, मुक्कामाला आलेल्या पाहुणीने चालवावा तसा.

नहरेचं पाणी आमच्या सेक्टरला पहिल्यांदा आलं तेव्हा बाबांनी पेढे वाटले. पण हे पाणी दसऱ्याला बंद होतं, हे आम्हा बाहेरून आलेल्यांना कुणी सांगितलंच नाही. त्या दसऱ्याला आईने सगळं साग्रसंगीत केलं. श्रीखंड, पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, आणि बाबांच्या कंपनीतली मराठी घरं जेवायला. रात्री सगळे दमलेले. भांडी सकाळी घासू म्हणून तशीच ठेवली. सकाळी नळ उघडला, नळाने एक उसासा टाकला आणि तो गप्प झाला. ओट्यावर तेलकट कढई, श्रीखंड वाळून बसलेल्या वाट्या, आणि तोंड धुवायला तांब्याभर पाणी नाही! टँकर आला तेव्हा खाली अशी झुंबड उडाली की विचारू नका. त्यात आईची भरलेली बादली कुणाच्या तरी पायाने उडाली. ती रिकामी बादली घेऊन जिने चढून वर आली, बादली खाली ठेवली आणि म्हणाली, "पुढच्या दसऱ्याला मी इथे घट उठवीन आणि जाईन. हे घर तुमचं तुम्हाला लखलाभ."

ती रडली नाही, ओरडली नाही. म्हणून तर मी घाबरले.

आई बोललेलं विसरत नाही. वर्ष फिरलं, नवरात्र जवळ आलं आणि नाशिकहून माझ्या मामाने तिचं तिकीट काढून पाठवलं. मामाच्या घरी वरची खोली रिकामी होती. दसऱ्याला घट उठले की त्याच संध्याकाळच्या गाडीने आईने जायचं, पेटी बरोबर न्यायची. सुट्टीला नाही, राहायला. बाबा निवृत्त झाल्यावर आले तर येतील. घरात भांडण नव्हतं, आदळआपट नव्हती, दोघं एकमेकांना नेहमीसारखा चहा देत होती. कुणीही मोठा शब्द वापरला नाही. पण ती पेटी एकदा गाडीत चढली की परत यायची नाही, आणि पेटीबरोबर आमचं तिघांचं घरही जाईल, हे मला स्वच्छ कळत होतं.

आणि नेमकी त्याच नवरात्रात आमची ॲमस्टरडॅमची ट्रिप!

मी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होते. तिथल्या एका कॉलेजाने आमच्या वर्गातल्या काही जणांना बोलावलं होतं, पाणी आणि शहर असा काहीतरी भारदस्त विषय होता. परतीचं विमान दसऱ्याच्या संध्याकाळचं. म्हणजे मी दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचणार आणि आई आदल्या संध्याकाळी गेलेली असणार. मी जाहीर केलं, "मी जात नाहीये."

"वेडी आहेस का?" आई म्हणाली. "मी नाशिकला चाललेय, चंद्रावर नाही. आपल्या घरात विमानात बसलंय कोण आजवर? जा, आणि नीट बघून ये सगळं." मग तिने माझ्या बॅगेत मेतकूट, उपासाची भाजणी, लोणच्याची बरणी आणि एवढा मोठा स्वेटर कोंबला. बॅगेची चेन लागेना तेव्हा ती बॅगेवर बसली. मला हसूही येत होतं आणि रडूही.

आम्ही तिघी एकत्र. रेश्मा मुलाणी तासगावची, कॉलेजच्या हॉस्टेलवर राहायची, आणि अख्ख्या वर्गात माझ्याशी मराठीत भांडू शकणारी ती एकटीच. गुरप्रीत, म्हणजे गुरी, फरीदाबादची. तिच्याही घरामागून एक नहर जायची. त्या वर्षी रमजान आणि नवरात्र एकत्र आले होते. रेश्माचे रोजे, माझे उपास. गुरी दोघींना म्हणाली, "बिल्कुल टेन्शन मत लो, तुम दोनों का हिस्सा मैं खा लूँगी." आणि तिने शब्द पाळला. चीज, वॅफल, कागदाच्या शंकूतले बटाट्याचे काप, काही म्हणून सोडलं नाही.

बाकीच्यांची सोय एका हॉस्टेलात होती. आम्हा तिघींना मिळाली एका म्हाताऱ्या बाईंच्या घरातली वरची खोली. त्यांचं नाव योहाना. उंच, हाडापेराने मजबूत, केस पांढरेशुभ्र, आणि इंग्रजी आमच्याइतकंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. दुसऱ्याच दिवसापासून आम्ही त्यांना आजी म्हणायला लागलो आणि त्याही त्या हाकेला ओ द्यायला लागल्या. घराचा जिना जवळजवळ शिडीच. वर चढताना दोरी धरावी लागायची. घराच्या कपाळावर बाहेरून एक लोखंडी आकडा होता. कपाट, पलंग असलं सामान जिन्यातून जात नाही म्हणून त्या आकड्याला दोर बांधून खिडकीतून वर घेतात, असं आजींनी सांगितलं. मला लगेच आईची पेटी आठवली. तिथे मला सगळ्यावरून आईची पेटीच आठवत होती.

काय शहर होतं! दाराशी पाणी, खिडकीशी पाणी, रस्ता ओलांडला की पुन्हा पाणी. घरं अरुंद आणि उंच, थोडी पुढे झुकलेली, शेजारणी गप्पांना कठड्यावर वाकतात तशी. सकाळी धुकं पाण्यावरच बसून असायचं आणि त्यातून आधी सायकलची घंटी यायची, मग सायकल. काठावरच्या एल्म झाडांची पानं पिवळी होऊन पाण्यात पडत होती. ओल्या लाकडाचा, कॉफीचा आणि कुठून तरी तळणीचा वास. घराच्या खिडक्यांना पडदे नाहीत. संध्याकाळी दिवे लागले की आतला माणूस सूप पिताना दिसायचा. गुरीला त्याचं फार आश्चर्य. "हमारे यहाँ तो ऐसे बैठो तो पूरा मोहल्ला आ जाए," ती म्हणायची. सर आम्हाला पुलांच्या कमानी, पाण्याची दारं, काठाच्या भिंती दाखवत होते. मी चित्रं काढत होते. पण खरं सांगू? एवढं पाणी बघून मला आनंद कमी आणि राग जास्त येत होता. यांच्याकडे दारापर्यंत, आणि माझी आई एका बादलीसाठी घर सोडून चालली!

कार्ड घालून फोन करायचा जमाना तो. मी रस्त्यावरच्या डब्यात उभी राहून घरी फोन लावला.

"जेवलीस का? स्वेटर घालतेस ना?" आईचे पहिले दोन प्रश्न ठरलेले.

"घालते. आई, तू..."

"बोल ना."

"काही नाही."

"तिथे पाणी कसं आहे?" हा प्रश्न नाशिकची बाई गावाला गेलेल्या माणसाला विचारतेच.

"सगळीकडे पाणीच आहे, आई. दारापर्यंत."

"नशीबवान आहेत हो," ती म्हणाली, आणि कार्ड संपलं.

मग ती गंमत झाली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही संध्याकाळी परतत होतो. आजींच्या घराच्या मागच्या गल्लीत वळलो आणि तिघी जागच्या जागी थबकलो. तिथला कालवा रिकामा! दोन्हीकडून फळ्या लावून पाणी अडवलेलं, पंप घरघरत होता, तळाचा काळा चिखल उघडा पडला होता आणि त्या चिखलात सायकलीच सायकली रुतलेल्या. चिखलाचा तो वास तर अगदी आमचा, आमच्या नहरेचा. माणसं गमबूट घालून काम करत होती.

"यार," गुरी हळूच म्हणाली, "इनकी भी नहर बंद हो गई."

पुढे काय करायचं हे कुणी कुणाला सांगावं लागलं नाही. आम्ही धावत सुटलो. शिडीच्या जिन्यावरून वर, खोलीत, आणि नळ सोडला. पाणी होतं अजून! "आधी प्यायचं भरा," रेश्मा ओरडली, "मला पहाटे सहरीला लागेल." आधी बाटल्या भरल्या. मग चहाचे कप. मग किटली, बेसिनला बूच लावून बेसिन, कचऱ्याची नवी कोरी डबी, साबणाचं भांडं. गुरी खाली जाऊन आजींच्या स्वयंपाकघरातून पातेली घेऊन आली, परवानगी वगैरे विचारायचं भान कुणाला? कोपऱ्यात फुलदाण्यांची रांग होती, त्या भरल्या. शेवटी मी आजींचं छत्री ठेवायचं चिनी मातीचं उंच भांडं ओढत आणलं, आणि तेवढ्यात आजी दारात उभ्या राहिल्या.

तीन मुली, ओल्या बाह्या, आणि खोलीभर पाणी. पाय ठेवायला जागा नाही. आजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, छत्रीच्या भांड्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "आग लागली का?" त्यांनी विचारलं.

मी माझ्या मोडक्या इंग्रजीत समजावलं. तुमचा कालवा बंद झालाय, उद्या नळाला पाणी येणार नाही, तुम्हीही भरून घ्या, लवकर करा. आजी पलंगावर बसल्या आणि हसायला लागल्या. अशा हसल्या की डोळे पुसायला ॲप्रन घ्यावा लागला. मग त्यांनी सांगितलं की काठाची भिंत दुरुस्त करतायत म्हणून तेवढा तुकडा उपसलाय, आणि कालव्याचा नि नळाचा काही म्हणजे काही संबंध नाही. या पाण्यात तर बोटी आणि बदकं असतात, हे कोण पिणार? आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. पाण्यावर नि शहरावर अभ्यास करायला आलेल्या आम्ही! गुरी आधी हसली, मग रेश्मा, मग मी.

हसणं ओसरल्यावर आजींनी विचारलं, "तुमच्याकडे सणाच्या दिवशी पाणी बंद करतात?"

"दर वर्षी," मी म्हटलं.

"आणि तरी माणसं तिथे राहतात?"

मी उत्तर द्यायचं सोडून किटलीचं झाकण लावायला लागले. रेश्माला सगळं ठाऊक होतं, तिने माझा हात धरला आणि तिनेच त्यांना सांगितलं की हिची आई परवा घर सोडून चाललीय. आजींनी ॲप्रनची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "आम्ही समुद्राच्या पातळीखाली राहतो. आम्हालाही सगळे हेच विचारतात." आणि आपली पातेली मागे न घेता त्या खाली निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाहेरून आलो तर खोलीभर फुलं. कपात एकेक, किटलीत दोन, बेसिनमध्ये तरंगती, छत्रीच्या भांड्यात उंच दांड्यांची शेवंतीसारखी पिवळी. एवढं भरून ठेवलेलं पाणी आजींना फेकवलं नव्हतं. बाजारातून फुलं आणून त्यांनी प्रत्येक भांड्यात घातली होती. आम्ही तिघी दारातच उभ्या राहिलो. इतकं साधं आणि इतकं सुंदर काही माझ्यासाठी त्याआधी कुणी केलं नव्हतं, आणि आज एवढी वर्षं झाली तरी त्या बाईंचं नाव घेताना मला भरून येतं.

दसऱ्याच्या सकाळी आपट्याची पानं कुठून आणणार? रेश्माने काठावरची एल्मची पिवळी पानं वेचून आणली. "सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा," असं म्हणत रोजा धरलेल्या रेश्माने ते पान आधी माझ्या हातात ठेवलं, मग गुरीच्या, मग आजींच्या. आजींनी ते आपल्या चष्म्याच्या डबीत जपून ठेवलं. मग नवं फोनकार्ड घेऊन मी घरी शेवटचा फोन केला. तिकडे दुपार होती. आईचा आवाज कोरडा होता, घाईतला. घट उठले होते. मला वाटलं आता हिला काही विचारलं तर मी फोनमध्येच रडेन, म्हणून मी आपली ती गंमत सांगत सुटले. रिकामा कालवा, सायकली, कप, किटली, फुलदाण्या, छत्रीचं भांडं.

आणि आई हसली! कितीतरी महिन्यांनी हसली. "अगं, फुलदाण्यांत कसलं पाणी भरता? किती मावणार त्यात?" ती म्हणाली. मग एकदम थांबली. "किती वाजता पोचणार तू उद्या?" मी वेळ सांगितली. "बरं, ठेवते," म्हणाली आणि तिने खरंच फोन ठेवला. मला वाटलं, पेटी बांधायची राहिली असेल.

विमानात रात्रभर मी जागी होते. विमानतळावर बाबा एकटेच आले होते. मी पाया पडले, त्यांनी पाठीवर हात ठेवला, आणि आई गेली का, एवढे तीन शब्द काही माझ्या तोंडून फुटेनात. बाबाही आपणहून काही बोलले नाहीत. टॅक्सी यमुनेच्या पुलावर आली तेव्हा ते म्हणाले, "घरी जाऊ आधी." त्यांचा चेहरा पाहून काही कळत नव्हतं. नंतर अनेक वर्षांनी त्यांनी सांगितलं की त्यांचाच त्यावर विश्वास बसत नव्हता, बोललं आणि दृष्ट लागली तर काय घ्या, असं त्यांना वाटत होतं.

दाराला झेंडूचं तोरण होतं. दार उघडं होतं. आत पाऊल टाकायला गेले तर उंबऱ्याशीच हंडा. तांब्याचा, चिंचेने घासून लखलखीत केलेला, काठोकाठ भरलेला. त्याच्यामागे कळशी. तिच्यामागे दुसरी. हॉलच्या भिंतीला लागून तपेलं, घंगाळ, चरवी, अगदी परातसुद्धा, सगळ्यांत पाणी. खिडकीतून ऊन आत येत होतं आणि छतावर पाण्याचे कवडसे हलत होते. बेडरूमच्या कोपऱ्यात पेटी उघडी पडली होती, रिकामी. आणि स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "बाहेरच्या चपला बाहेर काढ. घंगाळातलं पाणी अंघोळीला घे, हंड्याला हात लावू नकोस."

त्या आवाजाने जे वाटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी तिथेच फरशीवर, हंडा-कळशीच्या मध्ये बसले आणि हमसून हमसून रडले. आई बाहेर आली, म्हणाली, "काय झालं? विमान लागलं का?" मी नाही म्हटलं. मग डोळे पुसले, उठले, तोरणातले झेंडू तोडले आणि एकेका भांड्यात एकेक फूल सोडत गेले. "अगं अगं, प्यायचं पाणी आहे ते!" आई किंचाळली. मी त्या घंगाळातल्या पाण्याने अंघोळ केली. तितकं सुख पुन्हा कुठल्या पाण्याने दिलं नाही.

त्यानंतर ती भांडी पेटीत परत गेली नाहीत. पेटीत पुढे रजया ठेवल्या. हळूहळू खड्ड्याच्या जागी लिफ्ट आली, मोहरीच्या शेतात मॉल आला, नीलगाई कुठे गेल्या देव जाणे. बाबा मेट्रो बघून गेले. पहिल्याच आठवड्यात आईला शेजारी बसवून टोकापर्यंत जाऊन आले, आणि परत आल्यावर बाल्कनीत उभं राहून म्हणाले, "बघ, म्हटलं नव्हतं?" आई म्हणाली, "म्हटलं होतंत." बस, एवढंच, पण बाबा दिवसभर खूश होते. रेश्मा आता पुण्यात पाणीपुरवठ्याची कामं बघते. गुरी कॅनडात आहे, दर दसऱ्याला तिचा मेसेज येतो: नहर बंद? पानी भर लिया? योहाना आजींचं पत्र बरीच वर्षं नाताळात यायचं, मग यायचं थांबलं. पोरी, आईबाप, ती परकी म्हातारी, हा वास, ही धूळ. माझ्या वाट्याला फार चांगली माणसं आली, आणि फार चांगला एक ऑक्टोबर आला. मी त्याबद्दल कुणाचे आभार मानू ते कळत नाही म्हणून मी आपली भांडी भरते.

एक गोष्ट मात्र मी आईला कधी विचारली नव्हती. ती का थांबली? बाबांनी समजूत घातली असेल, असं मला वाटायचं. कधी वाटायचं, नवरात्रात देवीने बुद्धी दिली असेल. विचारायची भीती वाटायची. विचारलं आणि तिला पुन्हा जायची आठवण झाली तर? काल संध्याकाळी ती खुर्चीत बसून हंड्याची कड पुसत होती. ओवी शेजारी कळशीचा फोटो काढत होती. बाहेरून सातविणीचा वास येत होता. मी धीर करून विचारलं.

"आई, त्या वर्षी तू गेली का नाहीस? तिकीट होतं तुझं."

"काय?" तिने कानाचं यंत्र नीट केलं. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने.

"तूच तर फोन केलास," ती म्हणाली.

"मी कुठे म्हटलं थांब म्हणून?"

"थांब नाही म्हणालीस. फुलदाणीत पाणी भरलं म्हणालीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अरे देवा, आज आपलीही नहर बंद होणार. मी तर जायच्या नादात विसरूनच गेले होते. म्हटलं ही पोरगी उद्या एवढ्या लांबून येणार, आणि घरात अंघोळीला पाणी नाही? तुझ्या बाबांना काही सुचणार नव्हतं. दोन बादल्या भरल्या, पण दोन बादल्यांनी काय होतंय? मग पेटी उघडली. एकेक काढायचं, घासायचं, भरायचं. गाडीची वेळ झाली तेव्हा माझे हात चिंचेने भरलेले."

"मग दुसऱ्या दिवशीच्या गाडीने जायचंस."

आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू एवढं शिकून मला काही म्हणजे काही कळत नाही.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "एवढं भरलेलं पाणी टाकून कुणी जातं का?"